जुना जनाना दवाखाना कसा वाचावा

सोलापुरात ‘डफरीन चौक’ एवढे सांगितले की रिक्षावाला पुढचा प्रश्न विचारीत नाही. चौकाला हे नाव लेडी डफरीन यांच्या नावाच्या बायकांच्या दवाखान्यामुळे पडले, हे जुन्या माणसांना ठाऊक असते. पण त्या बाई कोण, व्हिक्टोरिया राणीच्या काळात बायकांसाठी वेगळा दवाखाना बांधण्याची गरज कोणाला आणि का वाटली, आणि तो बांधताना इमारतीत नेमके काय बदलावे लागले, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्या काळातला किंवा त्या वळणाचा एखादा जनाना दवाखाना आपल्या गावात असेल, मग तो आजही चालू असो, त्यात एखादी कचेरी भरत असो किंवा त्याला कुलूप लागलेले असो, त्याचा इतिहास आणि त्याची बांधणी स्वतः कशी अभ्यासावी, हे येथे सांगितले आहे.

बहुतेक जण कोनशिलेपासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. माझ्या मते कोनशिला शेवटी वाचावी. पैसे कोणी दिले आणि कोणत्या साहेबाच्या हस्ते कुलूप उघडले एवढेच ती सांगते. बाई आत कुठून येत होती, कुठे बसत होती, तिच्या खाटेवर वारा कुठून येत होता, हे फक्त भिंती सांगतात. जनाना दवाखान्याच्या आराखड्यावर दोन विरुद्ध मागण्यांचा ताण असतो. पडद्यासाठी भिंत हवी आणि रोगट हवा निघून जाण्यासाठी खिडकी हवी. या दोघींची तडजोड कोणत्या कोपऱ्यात कशी झाली, ते शोधत फिरणे हाच या अभ्यासाचा गाभा आहे.

जाण्यापूर्वी एवढे ठाऊक असावे

हिंदुस्थानातल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टरांकडून उपचार मिळावेत म्हणून व्हाइसरॉयच्या पत्नी हॅरियट, म्हणजेच लेडी डफरीन, यांनी १८८५ मध्ये एक राष्ट्रीय संस्था काढली. तिचाच पैसा ‘डफरीन फंड’ या नावाने ओळखला जाऊ लागला. यामागे एक गोष्ट सांगितली जाते आणि ती खरी आहे. लखनौला काम करणाऱ्या एलिझाबेथ बीलबी या मिशनरी बाईंनी पन्ना संस्थानच्या महाराणीवर उपचार केले, आणि महाराणीने हिंदुस्थानातल्या आजारी बायकांची दैना थेट व्हिक्टोरिया राणीच्या कानावर घालण्याचे वचन त्यांच्याकडून घेतले. १८८१ मध्ये बीलबीबाईंनी तो निरोप खरोखरच राणीपर्यंत पोहोचविला. फंडाची उद्दिष्टे तीन होती: बायकांना डॉक्टर, परिचारिका व सुईणी होण्याचे शिक्षण देणे, स्त्रियांसाठी दवाखाने व रुग्णालये उभारणे, आणि शिकलेल्या परिचारिका व सुईणी पुरविणे. इमारती मात्र गावोगावी स्थानिक समित्या, नगरपालिका, लोकल बोर्ड आणि देणगीदार यांच्या पैशांतून उभ्या राहिल्या, त्यामुळे ‘डफरीन’ नावाच्या दोन इमारती एकसारख्या दिसतीलच असे नाही.

मुंबईने ही वाट थोडी आधी धरली होती. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून बांधलेल्या कामा रुग्णालयाची कोनशिला १८८३ मध्ये बसली आणि १८८६ मध्ये ते उघडले. खानबहादूर मंचरजी मर्झबान यांनी त्याचा आराखडा केला आणि एडिथ पीची यांनी तेथे प्रमुख डॉक्टर म्हणून काम पाहिले. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेत एम. डी. झाल्या; कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्रीविभागाची जागा त्यांना देऊ केली होती, पण १८८७ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. रुखमाबाईंनी लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून शिक्षण घेतले आणि परत आल्यावर आधी कामा रुग्णालयात, मग सुरतेला काम केले. त्या शिकत होत्या तेव्हा त्या महाविद्यालयाच्या प्रमुख एलिझाबेथ गॅरेट अँडरसन होत्या, आणि याच बाईंनी सुरू केलेले, सर्व डॉक्टर स्त्रियाच असलेले रुग्णालय १८९० च्या सुमारास लंडनच्या यूस्टन रोडवर नव्या इमारतीत गेले. लाल विटांची ती इमारत जे. एम. ब्रायडन या वास्तुकाराची आहे. एलिझाबेथबाईंची बहीण अॅग्नेस आणि नात्यातली ऱ्होडा या दोघी त्याच ब्रायडनच्या कचेरीत उमेदवारी करून गृहसजावटीचा व्यवसाय शिकल्या होत्या. रुग्णालय तेथून हलल्यावर ती इमारत पाडली नाही. आज ती ‘युनिसन’ या कामगार संघटनेच्या मुख्यालयाचा भाग आहे. जुन्या दवाखान्याचे काय करायचे, असे कोणी विचारले तर हे उदाहरण हाताशी असू द्यावे.

आता वाऱ्याची बाजू. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे रुग्णालयांवरचे लेखन १८५९ पासून इंग्रज इंजिनिअरांच्या टेबलावर होते. आजार दूषित हवेतून पसरतो अशी त्या काळची पक्की समजूत होती, म्हणून दालन लांबट, उंच आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर खिडक्यांचे असावे, निदान दोन खाटांमागे एक खिडकी असावी, आणि ती जमिनीपासून दोन-तीन फुटांवर सुरू होऊन छताखाली फूटभर अंतरापर्यंत जावी, असे त्यांचे म्हणणे होते. कारण चुकीचे होते, पण उपाय बऱ्याच अंशी बरोबर निघाला. बाळंतपणाच्या दालनाबाबत मात्र त्यांना स्वतःलाच चटका बसला होता: लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात त्यांच्या फंडातून सुरू झालेले बाळंतिणींचे दालन सूतिकाज्वराच्या, म्हणजे बाळंतिणीला येणाऱ्या तापाच्या, मृत्यूंमुळे १८६७ मध्ये बंद करावे लागले. त्यानंतर १८७१ मध्ये त्यांनी असे मांडले की बाळंतिणींना मोठ्या दालनात एकत्र ठेवू नये, त्यांच्यासाठी लहान, सुट्या खोल्या असाव्यात. जनाना दवाखान्यात एक मोठे दालन आणि बाजूला खोल्यांची वेगळी ओळ दिसली, तर तिच्यामागे हा विचार असू शकतो.

आधी बाहेरून, तोही दोनदा

पहिली फेरी सकाळी सातच्या सुमारास आणि दुसरी दुपारी तीनला मारावी, आणि जमल्यास ती एप्रिल-मे महिन्यात मारावी, कारण सोलापूरच्या उन्हात इमारतीचा हेतू उघडा पडतो. मोबाईलमधल्या होकायंत्रावर इमारतीची लांब बाजू कोणत्या दिशेला आहे ते टिपावे. लांबी पूर्व-पश्चिम असेल तर खिडक्या उत्तर-दक्षिणेला येतात आणि आडवे ऊन आत शिरत नाही, हा सरधोपट नियम. पण सोलापूर साधारण साडेसतरा अंशांच्या जरा वर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन उत्तरेच्या भिंतीवरही येते. उत्तरेलाही रुंद व्हरांडा किंवा छज्जा काढलेला असेल, तर बांधणाऱ्याने इंग्रजी नमुना डोळे मिटून उतरविला नाही, इथला उन्हाळा त्याला माहीत होता, असे म्हणायला हरकत नाही.

मग कुंपणाची भिंत बघावी. साध्या सरकारी दवाखान्याची भिंत गुरे आत येऊ नयेत एवढी, कमरेइतकी असे. जनाना दवाखान्याची भिंत बाहेर उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या वर जाते. ती पुढे आणि मागे सारखीच उंच आहे का, की रस्त्याच्या बाजूलाच वर चढविली आहे, आणि वरचे थर खालच्या थरांपेक्षा वेगळ्या दगडाचे किंवा विटांचे आहेत का, हे नीट पाहावे. भिंत नंतर उंचावली असेल तर चुन्याच्या रंगातला फरक लगेच कळतो.

यानंतर दारे. पुढची पोर्च समारंभासाठी असते: कमानी, दोन्ही बाजूंना पायऱ्या, वर नाव. पेशंट बायका तिथून येत असतीलच असे समजू नये. मेणा, धमणी किंवा पडदा लावलेला टांगा थेट व्हरांड्याला लागावा म्हणून बाजूला किंवा मागे एक दार असते आणि त्याच्यासमोर आडवी पडदी-भिंत असते, म्हणजे दार उघडे राहिले तरी आतले दिसत नाही. ही पडदी-भिंत पुढे बहुधा पाडली जाते, कारण रुग्णवाहिका वळत नाही. ती पाडली असली तरी जोत्यालगतच्या फरशीत तिच्या रुंदीची पट्टी वेगळी दिसते. मी अशी पट्टी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती जुन्या गटाराची आहे असे समजून वहीत तसे लिहूनही ठेवले होते. तिथे झाडू मारणाऱ्या मावशींनी हसून सांगितले, तेव्हा वही दुरुस्त केली.

आत काय मोजावे

आत जाण्याआधी लेखी परवानगी घ्यावी. दवाखाना चालू असेल तर पेशंट, बाळे आणि नातेवाईक यांचे फोटो घेऊ नयेत, आणि प्रसूतीगृहाच्या बाजूला पुरुषाने एकट्याने फिरू नये. सोबत एखादी बाई असली तर काम दुपटीने लवकर होते.

मापे फुटांत घ्यावीत. हा हट्ट नाही, त्याला कारण आहे. इमारत फूट-इंचांत आखलेली असते, त्यामुळे फुटांच्या टेपवर मूळ खोल्या २०, २४, ३० अशा सरळ आकड्यांत येतात. टेप १३ फूट ७ इंच असे विचित्र माप दाखवू लागली की ती भिंत नंतर घातलेली आहे असा संशय घ्यावा, आणि त्या भिंतीवर टिचकी मारून पाहावी. दीड-दोन फूट जाडीची भिंत बद्द वाजते, नंतरची साडेचार इंची विटेची पार्टिशन पोकळ वाजते. प्रत्येक दालनाची लांबी, रुंदी आणि उंची मोजावी, खिडक्या मोजाव्यात, आणि खिडकीची पाटी, म्हणजे तिची खालची कड, जमिनीपासून किती उंचीवर आहे ते आवर्जून मोजावे.

ही शेवटची नोंद लोक विसरतात, आणि पडदा व वारा यांची तडजोड नेमकी तिथेच सापडते. नाइटिंगेलबाईंच्या हिशेबाने खिडकी खालून दोन-तीन फुटांवर सुरू व्हायला हवी. पण रस्त्याच्या बाजूला खिडकी एवढी खाली आणली तर जाणाऱ्या-येणाऱ्याला खाट दिसते. मग बांधणारे तीन-चार युक्त्या करीत. रस्त्याकडची खिडकी पाच फुटांवर सुरू करून अंगणाकडची खाली आणायची. किंवा खिडकी खालपर्यंत ठेवून तिच्या खालच्या अर्ध्या भागाला आडव्या पट्ट्यांची झिलमिल लावायची, म्हणजे वारा येतो आणि नजर येत नाही. किंवा व्हरांड्याच्या कमानींत लाकडी जाळी बसवायची. किंवा छताखाली भिंतीत झरोके ठेवायचे, ज्यांतून गरम हवा वर चढून निघून जाते. कोणती युक्ती कोणत्या बाजूला केली आहे, ते आराखड्यावर वेगवेगळ्या खुणांनी दाखवावे. तसे केले की रस्ता कोणत्या बाजूला होता हे आराखडाच बोलू लागतो, आणि कधी कधी आजचा रस्ता त्या वेळी रस्ता नव्हताच, हेही ध्यानात येते.

खिडक्यांवरून खाटांचा अंदाज बांधता येतो: लांब दालनातल्या समोरासमोरच्या खिडक्या मोजून दुप्पट केल्या की जास्तीत जास्त किती खाटांचा विचार होता ते कळते. हा अंदाज वरच्या मर्यादेचा आहे, प्रत्यक्ष खाटा कमी असू शकतात. शस्त्रक्रियेची खोली ओळखायला सोपी असते, कारण विजेच्या दिव्यांपूर्वी तिला स्थिर उजेड लागे. म्हणून तिची उत्तरेची खिडकी इतर खिडक्यांपेक्षा दुप्पट रुंद असते किंवा छतात काच असते. भिंत आणि जमीन मिळते तिथला कोपरा गोल केलेला असेल, तर जंतूंची कल्पना बांधकामापर्यंत पोहोचल्यानंतरचे ते काम आहे असे धरावे.

मुख्य इमारतीपासून सुट्या, ओळीने बांधलेल्या लहान खोल्या असतील तर त्यांना नोकरांच्या खोल्या म्हणून सोडून देऊ नये. जातीचे निर्बंध आणि पडदा यांमुळे कित्येक बायका दालनात राहायला तयार नसत. त्यांच्यासोबत सासू, जाऊ किंवा लहान मूल राहावे आणि घरचे अन्न शिजविता यावे, यासाठी अशा सुट्या खोल्या बांधल्या जात. दारालगत चुलीचा ओटा, भिंतीवर काजळी, आणि वर धुराचे भोक अशा खुणा मिळाल्या तर शंका उरत नाही.

दगड, चुना, कौले आणि साल

सोलापूरकडे बांधकाम काळ्या दगडात आणि चुन्यात असते, आणि जुन्या गावठाणातली घरे धाब्याची, पांढऱ्या मातीच्या छताची असत. त्यामुळे त्या काळी उतरत्या छपराची, मंगलोरी कौलांची इमारत गावात उठून दिसे. ही कौले १८६५ पासून मंगळूरला बासेल मिशनच्या कारखान्यात होऊ लागली. कौल उलटून पाहिले की खाली कारखान्याचे नाव आणि कधी साल उठविलेले सापडते, आणि इथे नवखा माणूस हमखास फसतो: ते साल बहुधा कारखाना सुरू झाल्याचे असते, कौल भाजल्याचे नव्हे, इमारतीचे तर नव्हेच.

रेल्वे सोलापूरला १८६० मध्ये आली आणि १८७१ मध्ये पुढे रायचूरला जाऊन मद्रासकडच्या रेल्वेला मिळाली, त्यामुळे वाटेवरच्या शहाबादची फरशी मालगाडीच्या वाघिणींतून आणणे सोपे झाले. जमिनीवर मूळची शहाबादी आहे की नंतर बसविलेली, हे उंबऱ्यापाशी कळते. नंतरची असेल तर उंबरा जमिनीत बुडालेला दिसतो. छताला लोखंडी तुळया आणि त्यांच्यामध्ये विटांच्या बसक्या कमानी असतील तर तुळईवर ती बनविणाऱ्या कारखान्याचे नाव शोधावे. रंगाच्या पाच थरांखाली ते बॅटरीच्या तिरप्या उजेडात दिसते. सिमेंटचा हिशेब सोपा आहे. हिंदुस्थानात पोर्टलंड सिमेंटचे यशस्वी उत्पादन पोरबंदरला १९१४ मध्ये सुरू झाले, म्हणून दगडांच्या दर्जा, म्हणजे सांध्यांच्या फटी, सिमेंटने भरलेल्या दिसल्या तर ती बहुतेक वेळा नंतरची डागडुजी असते. ती इमारतीला चांगलीही नसते, कारण चुना ओल बाहेर सोडतो आणि सिमेंट ती दगडात कोंडून ठेवते.

आता कोनशिला वाचावी. आधी ती मूळ जागी आहे का ते पाहावे, कारण नूतनीकरणात पाट्या हलतात. तिच्यावर साल नसेल किंवा झिजले असेल तर किताबांवरून काळ ठरतो: व्हिक्टोरियाला ‘सम्राज्ञी’ म्हटले असेल तर पाटी १८७७ नंतरची, ‘ज्युबिली’ असेल तर बहुधा १८८७ किंवा १८९७ च्या आसपासची, आणि राजा म्हणून एडवर्डचे नाव असेल तर १९०१ नंतरची. डफरीन हे नाव १८८५ च्या आधी असण्याचे कारणच नाही, आणि नंतर किती वर्षांनी पडले याला वरची मर्यादाही नाही.

कागद

सोलापूरसाठी सगळे जण मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा विसावा खंड उघडतात. तो १८८४ चा आहे, म्हणजे डफरीन फंडाच्या एक वर्ष आधीचा. त्यात जनाना दवाखाना सापडला नाही तर ‘उल्लेख नाही’ एवढेच सिद्ध होते. त्याचा खरा उपयोग वेगळा: तेव्हा शहरात कोणते दवाखाने होते, गावाची हद्द कुठपर्यंत होती आणि लोकसंख्या किती होती, म्हणजे नवा दवाखाना गावात बांधला की गावाबाहेर, हे त्यातून ठरविता येते. पुढच्या काळासाठी इलाख्यातल्या रुग्णालये व दवाखान्यांचे वार्षिक अहवाल आणि डफरीन फंडाचे अहवाल पाहावेत. सरकारी पत्रव्यवहार मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात मिळतो. इंग्रजी कागदांत शहराचे नाव ‘शोलापूर’ असे पडते आणि दवाखान्याला ‘फीमेल हॉस्पिटल’, ‘झेनाना’ किंवा नुसते ‘डिस्पेन्सरी’ म्हटलेले असते, हे सूची चाळताना ध्यानात ठेवावे. सोलापुरातून ‘कल्पतरू’ हे वृत्तपत्र निघत असे. देशी वृत्तपत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी सारांश सरकार दर आठवड्याला करवीत असे, त्यांतही ते भेटते.

नगर भूमापन कार्यालयातली मिळकत पत्रिका आणि जुना नकाशा मात्र सर्वांत आधी मागावा, कारण त्याला वेळ लागतो. नकाशावर इमारतींच्या बाह्यरेषा असतात. आजच्या मापांवर त्या ठेवल्या की कोणता भाग नंतर जोडला ते एका नजरेत दिसते, आणि विचित्र मापांबद्दलचा आपला संशय खरा होता की नाही तेही.

बायकांना विचारावे

कागदांत देणगीदार आहेत, डॉक्टर थोड्या आहेत, पेशंट जवळपास नाहीत. व्हिक्टोरियाच्या काळातले कोणी आता सांगायला नाही, पण जनाना दवाखान्याच्या रीती इमारतीत पुढे कित्येक दशके टिकल्या, आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वी तिथे बाळंत झालेल्या आज्या आहेत. सोलापुरात हे काम केवळ मराठीतून होत नाही. साखर पेठेत तेलुगू, कुठे कानडी, कुठे दखनी उर्दू लागते, म्हणून सोबत त्या घरात बोलणारे कोणीतरी न्यावे आणि उत्तर ज्या भाषेत येईल त्याच शब्दांत टिपावे. ‘दवाखाना कसा होता’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर ‘चांगला होता’ एवढेच येते. आराखडा पुढे ठेवून बोट ठेवायला सांगावे: टांगा कुठे थांबला, कोणत्या दाराने आत नेले, नवऱ्याला कुठपर्यंत येऊ दिले, डबा कोण कुठे देई, खाटेवरून काय दिसे. उत्तर येईल ते त्या दाराशेजारी, त्या खिडकीशेजारी तिथल्या तिथे लिहावे, आणि सांगणाऱ्या बाईंना नाव नको असेल तर फक्त त्यांचे वय आणि पेठ लिहावी.